माउंट कॅल्व्हरी, टी फायर आणि माझ्याकडे राहिलेलं एक पुस्तक

सांजवेळ
येत्या नोव्हेंबरात, म्हणजे २०१९मध्ये, अकरा वर्षं होतील. १३ नोव्हेंबर २००८च्या संध्याकाळी सांता बार्बराच्या डोंगरात वणवा लागला आणि माउंट कॅल्व्हरी नावाचा मठ एका रात्रीत गेला. इथल्या कॅलिफोर्नियावाल्यांपैकी कुणी तिथे राहिलं होतं का, हे विचारायचं आहे. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी.

मठ एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या, ऑर्डर ऑफ द होली क्रॉस या संघाचा. संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाने राहणारे संन्यासी १९४७पासून तिथे होते. जिब्राल्टर रोडची वळणं घेत घेत वर गेलं की डोंगराच्या सोंडेवर पांढऱ्या भिंतींची, लाल कौलांची स्पॅनिश धाटणीची इमारत. समोर उतार, खाली गाव, पुढे समुद्र आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे चॅनल आयलंड्स. पुष्कळदा सकाळी ढग आपल्या खाली असायचे आणि गाव गायब.

मी तीनदा गेले. पहिल्यांदा २००४मध्ये. नोकरी आणि घर दोन्हीकडे इतकं काही चाललं होतं, की मैत्रीण म्हणाली, "दोन दिवस कुठेतरी जाऊन गप्प बस." मी ख्रिश्चन नाही, हे फोनवर आधीच सांगून टाकलं. पलीकडच्या ब्रदरांनी फक्त विचारलं, जेवणात काय चालत नाही?

खोलीत पलंग, टेबल, दिवा. घंटा झाली की प्रार्थनेला जायचं, नाही गेलं तरी कुणी विचारत नसे. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर, म्हणजे कॉम्प्लिननंतर, मोठं मौन सुरू होई ते सकाळच्या न्याहारीपर्यंत. पहिल्या रात्री मला ते मौन अंगावर आलं. खोलीत स्वतःशीच पुटपुटून घेतलं. तिसऱ्या खेपेला मात्र शनिवारी सकाळी कुणीतरी "गुड मॉर्निंग" म्हणालं तर राग आला.

आता कबुली. २००७च्या शेवटच्या मुक्कामात तिथल्या वाचनालयातलं पक्ष्यांचं एक पुस्तक गच्चीवर घेऊन बसले होते. निघायची घाई झाली, शालीत गुंडाळलेलं ते तसंच बॅगेत आलं. घरी आल्यावर लक्षात आलं. पुढच्या वेळी नेऊन देऊ म्हटलं. पुढची वेळ आलीच नाही. वाचनालय पुस्तकांसकट जळलं. हे एक तेवढं माझ्या कपाटात आहे, मठाच्या शिक्क्यासकट.

संन्यासी नंतर खाली गावात, जुन्या मिशनच्या (स्पॅनिश काळातल्या चर्चच्या) मागे, सेंट मेरीज नावाच्या रिट्रीट हाउसमध्ये राहायला गेले. मठ आता तिथे चालतो. मी अजून गेलेले नाही, पाय उचलत नाही. पुस्तक परत करावं का? अकरा वर्षांनी?

मौनीबाबा
अकरा वर्षांचा दंड काढा आधी. मग बोलू.

खडूस_काका
परत करा. यात विचारण्यासारखं काय आहे? ज्याचं त्याला.

प्रश्नचिन्ह
टी फायर म्हणजे? चहा करताना लागली?

गोलेटाचा_गोल्या
@प्रश्नचिन्ह, नाही हो. सांता बार्बराला लागून असलेल्या मॉन्टेसिटोच्या वरच्या अंगाला एक जुनी ओसाड इस्टेट आहे, तिला लोक टी गार्डन म्हणतात. आग तिथून सुरू झाली म्हणून टी फायर. आदल्या रात्री दहा तरुण तिथे शेकोटी करून बसले होते. विझवली असं त्यांना वाटलं. तपास करणाऱ्यांच्या मते ती आत धुमसत राहिली आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटल्यावर पेटली. आग मुद्दाम लावल्याचा गुन्हा काही दाखल झाला नाही, किरकोळ गुन्ह्यांवर निभावलं.

मी तेव्हा यूसीएसबीला, म्हणजे सांता बार्बराच्या विद्यापीठात, शिकत होतो. गुरुवार होता. पावणेसहाच्या सुमारास आग लागली आणि थोड्याच वेळात आमच्याकडून पूर्वेचा डोंगर नारिंगी दिसायला लागला. अंधार पडलेला, त्यामुळे धूर दिसत नव्हता, नुसती एक धगधगती रेघ. मग वीज जायला-यायला लागली. वारा असा, की सायकल हातात धरून चालत होतो. रूममेट म्हणाला, हा सनडाउनर. मला वाटलं कॉकटेलचं नाव सांगतोय.

रानभूल
सनडाउनर म्हणजे तिथला खास वारा. एरवी वारा समुद्राकडून डोंगराकडे येतो, गार आणि दमट. पण काही संध्याकाळी सांता इनेझच्या डोंगररांगेपलीकडची हवा कडा ओलांडून खाली समुद्राकडे घसरते. घसरताना दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. दिवस मावळताना गार व्हायच्या ऐवजी हवा गरम होते. त्या संध्याकाळी ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत होते. त्यात नोव्हेंबर, म्हणजे उन्हाळाभर वाळलेली झुडपं आणि पावसाची सुरुवात नाही. अशा वाऱ्यात आग विझवता येत नाही, फक्त माणसं बाहेर काढता येतात.

तिथल्या डोंगरावर जे रान आहे त्याला चापराल म्हणतात. मॅन्झनिटा, सिअनोथस, शमीस वगैरे. पानं जाड, तेलकट. पेटायला वेळ लागत नाही. आणि मठ होता डोंगराच्या सोंडेवर. आग चढावर जास्त वेगाने जाते, कारण वरचं रान ज्वाळा पोचायच्या आधीच तापून तयार असतं. इथे तर तिच्या जोडीला उताराचा वाराही होता, म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

हिशेबनीस
धागा चांगला आहे पण थोडं कडू बोलतो. टी फायरमध्ये दोनशे दहा घरं गेली. १,९४० एकर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मानाने आग लहानच, पण वस्तीतून गेली. त्या दोनशे दहा घरांतल्या लोकांनी फोटो, कागदपत्रं, मुलांच्या वह्या गमावल्या. आपण ज्या जागेत एकूण सात-आठ रात्री राहिलो तिचं दुःख करायचं म्हणजे जरा चैनीचं दुःख नाही का? संन्याशांनी तर आधीच सगळं सोडलेलं असतं.

सांजवेळ
@हिशेबनीस, सात रात्री. मोजल्यात मी. तुमचं म्हणणं मलाही सुचलं होतं, म्हणून तर अकरा वर्षं कुठे लिहिलं नाही.

टेकडीवरची
हिशेबनीस, असं तागडीत घालून होत नाही हो. आमच्या ओळखीच्या एका बाईंचं घर त्या आगीत गेलं. त्या विम्याशी भांडल्या, दोन वर्षांनी नवीन घर बांधलं, त्याच जागी. घर गेलेल्या माणसाला निदान भांडायला एक जागा असते, कागद असतात, पत्ता असतो. त्या बाई दर वर्षी मठात जायच्या, आणि मला स्वतः म्हणाल्या की घराचं सगळं आठवून यादी करता आली, मठातलं काय गेलं याची यादी करता येत नाही.

बाकी संन्याशांनी सगळं सोडलेलं असतं हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. साठ वर्षं जुनी जागा होती ती. अर्धं आयुष्य एका खिडकीतून समुद्र बघितलेला माणूस "मी सोडलंच होतं" म्हणून मोकळा होतो का?

हिशेबनीस
@टेकडीवरची, मान्य. शब्द मागे घेतो, हिशेब ठेवतो.

अनुस्वार
मी राहिलेय तिथे! २००५, एक शुक्रवार ते रविवार. सांजवेळ, तुम्ही लिहिलंत आणि तो जेवणाचा हॉल डोळ्यांसमोर आला. एक जेवण पूर्ण मौनात होतं. आपण किती आवाज करत जेवतो ते मला त्या दिवशी कळलं. समोरचे गृहस्थ सॅलड खात होते, ते पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेलं असेल असं मला वाटलं. मीठ हवं होतं. मागायचं कसं? पाच मिनिटं मिठाकडे बघत बसले. शेवटी शेजारच्या ब्रदरांनी न बघता मीठ सरकवलं. नंतर लक्षात आलं, तिथे सगळे सतत एकमेकांना काय हवं ते बघत असतात. बोलता येत नाही म्हणून बघावं लागतं.

मौनीबाबा
आमच्या घरी मीठ मागितल्यावरही येत नाही. बायकोला हा प्रतिसाद दाखवू का?

खडूस_काका
दाखवा. मग तुम्हालाही मौन मिळेल.

प्रश्नचिन्ह
पण ख्रिश्चन नसलेल्यांना असं कसं राहू देतात? पैसे घेतात?

अनुस्वार
@प्रश्नचिन्ह, बेनेडिक्टचा सहाव्या शतकातला जो नियम आहे, त्याच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात लिहिलंय की येणारा प्रत्येक पाहुणा साक्षात ख्रिस्त आला असं समजून त्याचं स्वागत करावं. म्हणून बेनेडिक्टाईन मठात पाहुण्यांची सोय असतेच. राहण्याचे पैसे सांगतात, पण धर्म विचारत नाहीत. मला तरी कुणी विचारला नाही.

रानभूल
पक्ष्यांच्या पुस्तकाबद्दल विचारायचं राहिलं. कुठलं ते नको सांगू, पण जुनं आहे का? आत काही खुणा?

सांजवेळ
@रानभूल, बरं झालं विचारलंत, कारण खरी अडचण तिथेच आहे. पुस्तक म्हणून ते साधंच आहे, कुठेही मिळेल. पण समासात पाहुण्यांनी शिसपेनीने नोंदी केल्यात. बहुतेकांनी नाव लिहिलेलं नाही, तारीख आणि चार शब्द. हस्ताक्षरं किमान पंधरा-वीस वेगवेगळी.

रेनटिटच्या पानावर: "पहाटे, खोलीच्या खिडकीखाली. चेंडू टप्पे खात थांबावा तसा आवाज." त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "दिसला नाही." त्याखाली तिसऱ्या: "मलाही नाही." असं खाली पानाच्या शेवटापर्यंत, सात जणांनी सात वेगवेगळ्या वर्षी लिहिलंय की ऐकला, दिसला नाही.

आणि रेड-टेल्ड हॉकच्या पानावरची माझी आवडती: "गच्चीच्या खाली घिरट्या घालत होता. पाठ दिसली." एरवी आपण ससाणा-घार-गरुड खालून बघतो, पोट दिसतं. तिथे ते आपल्या पायाखाली उडायचे. शेपटीचा विटकरी रंग उन्हात वरून दिसायचा. तेवढं एक वाक्य वाचलं की गच्ची परत उभी राहते.

हे पुस्तक दिलं तर ते तिकडच्या कपाटात जाईल, आणि तिथे खाली गावात गच्चीखाली ससाणा कुठून यायचा.

रानभूल
बाप रे. ही पक्षीनोंद आहे हो! रेनटिट हा चापरालचाच पक्षी, झुडपाबाहेर फारसा येत नाही, जोडी एकाच हद्दीत वर्षानुवर्षं राहते. सगळ्यांनी ऐकला आणि कुणालाच दिसला नाही यात नवल नाही. रान जळलं की त्याची हद्दही जाते आणि झुडपं परत वाढल्यावर तो परततो. म्हणजे आज तिथे जिब्राल्टर रोडला गाडी थांबवून उभे राहिलात तर तोच टप्पे खाणारा चेंडू ऐकू यायची शक्यता चांगली आहे. अकरा वर्षांत चापराल बऱ्यापैकी दाट होतं.

अवांतर: चापरालमधल्या काही झुडपांना मुळाशी मोठी गाठ असते, वरचं सगळं जळलं तरी तिच्यातून धुमारे फुटतात. काहींच्या बिया तर आग किंवा धूर लागल्याशिवाय रुजतच नाहीत. फायर पॉपी नावाचं फूल आहे, जळल्यानंतरच्या वसंतात अचानक सगळीकडे येतं आणि मग पुढची आग लागेपर्यंत बी जमिनीत पडून राहतं.

खडूस_काका
म्हणजे आग चांगली असं म्हणायचं आहे का?

रानभूल
काका, झाडांना चालते. ठरावीक वर्षांच्या अंतराने आली तर. लवकर लवकर आली तर झुडपंही जातात आणि नुसतं विदेशी गवत उरतं, जे अजून लवकर पेटतं.

गोलेटाचा_गोल्या
आणि सांता बार्बराला ती लवकर लवकर येतेच. त्या टापूत १९६४ला कायोटी फायर. १९७७ला सिकॅमोर कॅन्यन, ती एका पतंगामुळे, पतंग विजेच्या तारांत अडकला आणि दोनशेच्या आसपास घरं गेली. १९९०ला पेंटेड केव्ह. २००८ला टी. सहा महिन्यांत, मे २००९ला हेसुसिता, ती तर म्हणे वाट साफ करताना यंत्राची ठिणगी उडून. शेकोटी, पतंग, साफसफाई. या तिन्हींत कुणाच्या मनात आग लावायचं नव्हतं.

हिशेबनीस
मग इतक्या वेळा जळतं तिथे डोंगराच्या सोंडेवर बांधायचंच कशाला, हा माझा हिशेबी प्रश्न. देखावा हवा म्हणून?

टेकडीवरची
मठ डोंगरावर नाही तर काय मॉलमध्ये बांधायचा?

मौनीबाबा
फूड कोर्टच्या शेजारी. मीठ स्वतः घ्या.

खडूस_काका
मी अग्निसुरक्षेच्या कामात होतो, म्हणून थोडं बोलतो. लोकांना वाटतं ज्वाळांची भिंत येते आणि घर जाळते. बहुतेक घरं ठिणग्यांनी जातात. वारा निखारे पुढे दूरवर फेकतो. ते पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत जातात, किंवा पन्हाळीतल्या पाल्यात बसतात. गोल कौलांच्या छपराला लोक सुरक्षित समजतात, पण कडेच्या कौलांची तोंडं उघडी असली तर पक्षी आत घरटी करतात, आणि निखाऱ्याला त्याहून चांगलं सरपण नाही. कॅलिफोर्नियात घराभोवती शंभर फूट रान साफ ठेवायचा कायदा आहे. त्याने फरक पडतो. पण टी फायरसारख्या वाऱ्यात शंभर फूट म्हणजे काहीच नाही.

त्या रात्री कॉलेजवाल्यांनी मात्र शहाणपणा केला. वेस्टमाँट कॉलेज आगीच्या वाटेतच होतं. मुलांना गाड्यांत भरून अरुंद रस्त्यावर पाठवण्याऐवजी जिममध्ये घेतलं. काही इमारती आणि शिक्षकांची घरं गेली, मुलं सुखरूप. पळण्याचा रस्ता एकच असला की रस्त्यावरच माणसं अडकतात.

अनुस्वार
एकच रस्ता म्हटल्यावरून तासाहारा आठवलं. त्याच वर्षी, २००८च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बिग सरच्या मागच्या डोंगरांत बेसिन कॉम्प्लेक्स नावाची मोठी आग लागली होती, वीज पडून. तिथे तासाहारा हा झेन मठ आहे, १९६७चा. चौदा मैल कच्चा रस्ता, दुसरी वाट नाही. ९ जुलैला सगळ्यांना बाहेर काढलं. गाड्या निघाल्या आणि वाटेतून पाच जण परत फिरले. दुसऱ्या दिवशी आग चारी बाजूंनी दरीत उतरली. छपरांवर त्यांनी पाण्याचे फवारे बसवून ठेवले होते, त्याला ते 'धर्माची वृष्टी' म्हणत. पाच जणांनी नळ्या घेऊन मठ वाचवला, किरकोळ झोपड्या तेवढ्या गेल्या.

म्हणजे चार महिन्यांत एकाच राज्यात दोन मठ. एक राहिला, एक गेला.

प्रश्नचिन्ह
मग माउंट कॅल्व्हरीच्या लोकांनी का नाही थांबून लढवलं?

खडूस_काका
तासाहाराला तयारीला दोन आठवड्यांच्या वर मिळाले. आग लांबून हळूहळू येत होती. इथे पावणेसहाला पेटली आणि रात्र संपायच्या आत सगळं संपलं. थांबले असते तर आज आपण वेगळ्या गोष्टीबद्दल लिहीत असतो. निघाले हेच बरोबर. इमारतीसाठी माणूस थांबवू नये, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलोय, आणि लोक कुत्र्यासाठी, अल्बमसाठी, गाडीच्या किल्लीसाठी परत वळतात.

टेकडीवरची
+१ काका. २०१७ची थॉमस फायर आठवते. डिसेंबरात लागली, तीन लाख एकरांच्या आसपास जळलं. आम्ही घर सोडून गेलो, परत आलो, हुश्श केलं. महिन्याभरात, ९ जानेवारीला पाऊस आला आणि जळलेल्या उतारावरून चिखल आणि दगडांचा लोंढा मॉन्टेसिटोवर आला. तेवीस माणसं गेली. आग विझली म्हणजे संपली असं नसतं. मुळं जळली की डोंगर धरून ठेवायला काही राहत नाही.

मौनीबाबा
आता विनोद सुचत नाही.

हिशेबनीस
विषयावर येऊ. @सांजवेळ, पुस्तकाचं काय ठरलं?

खडूस_काका
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता नोंदींबद्दल वाचल्यावरही तेच सांगतो. उलट जास्तच. त्यांच्याकडे आता त्या जागेचं काय असेल? तुमच्याकडे सात रात्री आहेत आणि पुस्तक. त्यांची साठ वर्षं गेली.

रानभूल
परत द्या, पण आधी प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा. शिसपेन पुसट होत जाते. सपाट काचेवर दाबू नका, पाठीचा जोड उसवेल. खिडकीपाशी ठेवून फ्लॅशशिवाय मोबाईलने फोटो काढले तरी पुरे. आणि तारखांसकट नोंदी टंकून पाठवल्यात तर मी पक्ष्यांची यादी करून देईन.

अनुस्वार
मला वेगळंच वाटतंय. द्यायचं म्हणून देऊ नका. जायचं असेल तर जा, आणि जाताना पुस्तक बरोबर असू दे. खाली मिशनच्या मागे मी एकदा गेलेय, २०१३मध्ये. डोंगर नाही, ढग नाहीत, रस्त्यावरून गाड्यांचा आवाज येतो. प्रार्थनेची घंटा झाली आणि मी सवयीने गेले. आवाज त्याच संथ लयीत, दोन ओळींच्या मध्ये तीच लांब थांबण्याची जागा. पहिल्यांदा मला त्या थांबण्यात अवघडायला व्हायचं, वाटायचं कुणी ओळ विसरलं. सेंट मेरीजमध्ये डोळे मिटून बसले तर कळेना कुठे आहे. उघडल्यावर मात्र जरा वाईट वाटलं. इतकंच सांगते.

सांजवेळ
सगळ्यांचे आभार. काल रात्री फोटो काढले, एकशे बारा पानांवर नोंदी निघाल्या. रानभूल, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. मठाला ईमेल लिहिलं, दोनदा खोडलं, शेवटी तीन ओळींचं पाठवलं. उत्तर सकाळी आलं: शुक्रवारी रात्रीची एक खोली रिकामी आहे आणि जेवणात काय चालत नाही ते कळवा.

जातेय. जाताना आधी जिब्राल्टर रोडने वर जाऊन येईन. रेनटिट ऐकू आला तर इथे लिहीन. दिसणार नाही हे माहीत आहे.

मौनीबाबा
दंडाचं पाकीट विसरू नका.

अनुस्वार
सांजवेळ, एक विचारू? २००५ला मीही गच्चीवर एक पक्ष्यांचं पुस्तक चाळलं होतं, आणि माझ्या आठवणीप्रमाणे क्वेलच्या पानावर काहीतरी लिहिलं होतं. एका ओळीत पिल्लांची रांग गेली, असं काहीसं. बघता का जरा?

सांजवेळ
@अनुस्वार, बघितलं, भिंग लावून. क्वेलच्या पानावर एकही अक्षर नाही. फक्त कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

अनुस्वार
चहाचा असेल तर माझा नाही. मी कॉफी पिते.